गाडी फक्त हलवायची होती

गाडी फक्त हलवायची होती. चालवायचीसुद्धा नव्हती म्हणा ना. आठवड्यातून एकदा बाहेर काढायची, जरा फिरवून आणायची आणि होती तशी जागेवर लावायची. नाहीतर बॅटरी उतरते आणि टायर एका बाजूने बसतात, असं काकूंच्या धाकट्या भावाचं म्हणणं होतं. कामानिमित्त काही महिने परगावी जाताना त्याने ते इतक्या वेळा सांगितलं, की काकांना त्या बॅटरीची मनापासून काळजी वाटू लागली.

"भाऊजी, तुमच्याइतकी सावकाश गाडी चालवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. म्हणून तर तुमच्याकडे ठेवतोय," धाकटा म्हणाला आणि त्याने किल्ली काकांच्या तळहातावर ठेवली.

ही स्तुती होती की टोमणा, यावर काका दोन दिवस विचार करत होते. तसे ते कशावरही दोन दिवस विचार करत. सगळी नोकरी त्यांनी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासण्यात काढली होती. त्या कामात सापडलेली चूक लेखकाची असते आणि राहून गेलेली चूक तपासणाऱ्याची. अशा नोकरीतून माणूस निवृत्त होतो, त्याचा संशय होत नाही. बरं, काकांचा संशय जगावर कधीच नव्हता, तो कायम स्वतःवर. बस उशिरा आली तरी आपणच चुकीच्या थांब्यावर उभे असू, असं त्यांना वाटे. कोणी रस्त्यात हसून नमस्कार केला, तर ते आधी मागे वळून बघत.

गाडी मात्र स्वतःबद्दल कसलाही संशय नसलेली होती. पिकल्या लिंबाच्या रंगाची, दोनच माणसांची आणि जमिनीला लगटून बसलेली. आत शिरताना आधी डोकं, मग एक पाय, मग देवाचं नाव असा क्रम लागे. बाहेर पडताना कुठलाच क्रम उपयोगी पडत नसे.

पहिला खोडा सोसायटीच्या सेक्रेटरींनी घातला. बाहेरचं वाहन आवारात ठेवायचं तर अर्ज हवा. अर्जात एक रकाना होता : 'वाहनाशी नाते'.

"वाहनाच्या मालकाशी, असं म्हणायचंय ना?" काकांनी विचारलं.

"छापलंय तसं भरा," सेक्रेटरी म्हणाले.

छापलंय तसं मान्य करणं हे काकांच्या आयुष्यभराच्या कामाच्या विरुद्ध होतं, पण त्यांनी भरलं. खूप विचार करून त्यांनी 'दूरचे' असं लिहिलं. अर्ज परत आला : दूरच्या नातेवाइकांच्या वाहनांना जागा देता येत नाही. मग त्यांनी 'जवळचे, पत्नीकडून' असं लिहिलं आणि अर्ज मंजूर झाला. त्या दिवसापासून ती गाडी आपली मेहुणी लागते, असा एक विचार काकांच्या मनात येऊन गेला आणि ते एकटेच लाजले.

मग सल्ले सुरू झाले. टाकी भरून ठेवा, टाकी रिकामी ठेवा. कव्हर घाला, कव्हर घालू नका, आत रंग गुदमरतो. या सगळ्या सल्लागारांचे मुकुटमणी म्हणजे समोरच्या दारातले शेजारी. त्यांना सगळी इमारत 'अनुभवी' म्हणत असे, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'माझ्या अनुभवानुसार' असं सुरू होई. त्यांनी आयुष्यात नेमकं काय केलं होतं हे कोणालाच नीट माहीत नव्हतं, पण जे काही केलं त्याचा अनुभव मात्र त्यांनी घेतला होता. ते काकांहून वर्षभराने मोठे होते, तरी त्यांना 'काका' म्हणत.

"काका, माझ्या अनुभवानुसार अशी गाडी हळू चालवली की आजारी पडते," ते म्हणाले. "हिला मोकळं सोडावं लागतं. एकदा मला घेऊन चला."

काका नुसतं हसले. नाही म्हणणं त्यांना जमत नसे. हसून ते आजचं 'नाही' उद्यावर ढकलत.

आता काकूंच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. काकूंना वस्तू झाकायला आवडे. घरातल्या सोफ्याला शिवलेली खोळ होती, खोळीवर चादर होती आणि जिथे डोकं टेकतं तिथे चादरीवर टॉवेल होता. साधे पाहुणे आले की टॉवेल निघे, बरे पाहुणे आले की चादर. खोळ निघावी असा पाहुणा अजून यायचा होता. सोफ्याचा मूळ रंग आपण एकदाच पाहिला आहे, दुकानात, असं त्यांचा मुलगा सांगत असे. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. दिवाणखान्यातल्या काचेच्या टेबलावर विणलेला रुमाल, रुमालावर प्लॅस्टिक, आणि त्यावर कपबशी ठेवायची झाली तर खाली कागद. घाण लागल्यावर पुसण्यापेक्षा लागूच नये, हे काकूंचं म्हणणं आणि त्यात न पटण्यासारखं काय आहे हे काकांना कधी समजलं नव्हतं.

धाकटा मात्र लहानपणापासून यावरून बहिणीची टर उडवत आला होता. जाताना दारातून ओरडला, "ताई, माझ्या गाडीला झबलं शिवू नकोस हं!"

जिन्यातले सगळे हसले. काकूही हसल्या. पण आत आल्यावर त्यांनी धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली, आणि काकांनी ओळखलं की लागलंय.

दुसऱ्या दिवशी काका गाडीत बसले तर पायाखाली निळं रबरी पायपुसणं होतं. वर बारीक गोल उठाव असलेलं, स्वयंपाकघरातल्या सिंकपुढचं. गाडीच्या मखमली मॅटवर ते बरोबर बसावं म्हणून एका बाजूने कात्रीने छान गोलाईत कापलेलं. काकूंनी सांगितलं नाही, काकांनी विचारलं नाही. उलट त्या परक्या, चकचकीत गाडीत आपल्या स्वयंपाकघराचा एक तुकडा पायाशी पाहून त्यांना हायसं वाटलं. बूट जरा सैल सोडून त्यांनी गाडी सुरू केली.

काकांची स्वतःचीही एक गाडी होती. जुनी, छोटी, राखाडी. तिचं काम एकच, दर गुरुवारी काकूंना अक्काकडे नेणं. अक्का म्हणजे काकूंची सगळ्यांत मोठी बहीण. शहराबाहेर, बस जात नाही अशा जागी वृद्धांची एक निवासी संस्था होती, तिथे ती राही. तिला आता नावं आठवत नसत. काकू समोर बसल्या की ती बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघे आणि मग एकच प्रश्न विचारी, "गाडी कुठं लावलीत?"

"सावलीत लावली आहे," काका सांगत. एवढ्यावर अक्काचा चेहरा उजळे. कोणीतरी आपलं माणूस गाडी घेऊन आपल्याकडे आलं आहे, इतकं तिला पुरत असे. मुलगा महिन्यातून एकदा नेईन म्हणायचा, पण त्याच्या ऑफिसच्या महिन्याला गुरुवार नसत. शिवाय गेल्या वर्षापासून त्याने नवीनच टुमणं लावलं होतं, "बाबा, आता तुम्ही गाडी चालवणं कमी करा." काका म्हणत, "करतो." गाडीचा वेग ते आधीच इतका कमी करून बसले होते की आणखी कमी करायचं तर ढकलतच न्यावी लागली असती.

लिंबू रंगाच्या गाडीच्या पहिल्या काही फेऱ्या निर्विघ्न झाल्या. काका इतक्या जपून चालवत की सायकलवाले त्यांना मागे टाकताना काचेतून आत वाकून बघत. फावल्या वेळात त्यांनी गाडीचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. ते कोणीतरी मराठीत आणलं होतं आणि आणताना वाटेत बरंच सांडलं होतं. काकांनी शिसपेन्सिल घेतली. एका पानावर तर त्यांचा अर्धा तास गेला. शीर्षक होतं, 'प्रवेगक चिकटला असता', म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर अडकला तर. खाली लिहिलं होतं : 'चालकाने भयभीत होण्यास टाळावे. पाय उचलून खात्री करावी. गतिरोधक एकदाच व पूर्णत्वाने दाबावा, मधूनमधून दाबू नये. क्लच दाबून गिअर मोकळा करावा. यंत्राच्या किंचाळण्याने व्यथित होऊ नये. वाहन थांबल्यावाचून यंत्र बंद करू नये.' 'व्यथित' हा शब्द काकांनी तीनदा खोडला आणि तिन्ही वेळा परत लिहिला. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हती. चूक होती ती मायेची, आणि माया दुरुस्त करायची खूण त्यांच्या धंद्यात नव्हती.

रविवारी सकाळी अनुभवी गाडीपाशी येऊन उभेच राहिले. काका हसले. पण या वेळी त्या हसण्याचा अर्थ अनुभवींनी आपल्या सोयीने लावला आणि ते आत शिरले.

शहराबाहेरच्या रुंद रस्त्यावर पुढे गाद्यांनी भरलेला ट्रक होता. काका शांतपणे त्याच्या मागे चालले होते.

"घाला की पुढे," अनुभवी म्हणाले.

"असू दे. चाललाय बिचारा."

"बिचारा? अहो, त्या गाद्यांवर झोप येईल आपल्याला! काका, ही स्पोर्ट्‌स कार आहे. हिला असं चालवायचं म्हणजे पैलवानाला विणकामाला बसवायचं. दाबा!"

"हो, पण..."

"रस्ता मोकळा आहे. मी बघतोय ना. दाबा हो!"

काकांनी आरशात पाहिलं. पुन्हा पाहिलं. इंडिकेटर दिला आणि जन्मात पहिल्यांदा अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकेपर्यंत दाबला.

गाडीचा क्षणभर विश्वासच बसला नाही. मग तिच्या पोटातून असा काही हुंकार आला, की सीट पुढे येऊन काकांच्या पाठीला भेटली. ट्रक, गाद्या, रस्त्याकडेची झाडं सगळं कोणीतरी चादर ओढावी तसं मागे गेलं. आणि काकांना ते आवडलं. खूप आवडलं. छातीत कितीतरी वर्षं घडी घालून ठेवलेलं काहीतरी उलगडलं. ही गोष्ट त्यांनी पुढे कोणाला सांगितली नाही, एका व्यक्तीचा अपवाद सोडला तर.

मग त्यांनी पाय उचलला. गाडीने वेग उतरवला नाही.

काकांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आपण पाय उचललेलाच नाही. आपल्याला आवडलंय ना, म्हणून पाय आता आपलं ऐकत नाहीये. आयुष्यभर जपलेला माणूस आतून असा निघतो तर! त्यांना स्वतःची लाज वाटली आणि मनातल्या मनात त्यांनी धाकट्याची, ट्रकवाल्याची आणि गाडीची माफीसुद्धा मागितली. मग खात्री करावी म्हणून त्यांनी गुडघा वर उचलला. स्टिअरिंगच्या खाली गुडघा दिसला. म्हणजे पाय वर होता आणि गाडी तरीही सुसाट होती. चूक आपली नाही याचा इतका स्वच्छ पुरावा त्यांना उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता, आणि तो नीट बघत बसायला सवड नव्हती.

"बास काका, पटलं!" अनुभवी म्हणाले. "मानलं तुम्हाला. आता कमी करा."

"होत नाहीये."

"होत नाहीये म्हणजे?"

"अडकलाय तो."

"कोण?"

"प्रवेगक," काका म्हणाले. त्यांना त्या क्षणी दुसरा शब्द सुचेना.

अनुभवींना शब्द कळला नाही, पण सूर कळला. "बंद करा! इंजिन बंद करा! नको, नको, स्टिअरिंग आवळतं! हँडब्रेक ओढा! नको, उलटते! माझ्या अनुभवानुसार..." इथे त्यांचा अनुभव संपला. "आई गं," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि काकांचा डावा दंड धरला.

"दंड सोडा, गिअरला लागतो," काका म्हणाले.

पुढे चौक होता, चौकात लाल दिवा आणि दिव्याशी एक बस पाठ करून उभी होती. तिच्या मागच्या काचेतून एक लहानशी मुलगी गाडीकडे बघून हात हलवत होती. आणि काकांच्या डोळ्यांपुढे ते पान आलं, शिसपेन्सिलीच्या खुणांसकट. अर्धा तास ज्याच्यावर घालवला ते पान विसरणं त्यांना शक्यच नव्हतं. त्यांनी ब्रेक एकदाच आणि पूर्णत्वाने दाबला. गाडी खाली वाकून भांडू लागली. त्यांनी क्लच दाबला, गिअर मोकळा केला. त्याबरोबर इंजिन असं किंचाळलं, की रस्त्याकडेची कबुतरं उडाली. काका व्यथित झाले नाहीत. वेग उतरत गेला. त्यांनी डावा इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, आणि बसच्या अलीकडे एका रोपवाटिकेपुढे, कुंड्यांच्या रांगेला समांतर, एकाही पानाला धक्का न लावता गाडी थांबवली. मग इंजिन बंद केलं. इंडिकेटर टकटकत राहिला.

गाडी इतकी सुंदर त्यांनी यापूर्वी कधीच लावली नव्हती.

अनुभवी दार उघडून आधी हातांवर, मग गुडघ्यांवर असे बाहेर पडले आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन मग उभे राहिले. काका आतच बसून होते. इंडिकेटर बंद करायचंही त्यांना सुचलं नव्हतं. पण मनात एक नवाच आनंद होता : माझी चूक नव्हती. ते खाली वाकले, अ‍ॅक्सिलरेटर बघायला.

निळ्या पायपुसण्याचा एक कोपरा दुमडून पेडलच्या वर चढून बसला होता. छान गोलाईत कापलेला कोपरा. आठवडा आठवडा करत ते मखमलीवरून पुढे सरकत गेलं असणार, आणि आज काकांनी पहिल्यांदाच पेडल तळाशी नेल्यावर त्याने ते तिथेच धरून ठेवलं.

काका बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पायपुसणं सोडवलं, त्याची गुंडाळी केली आणि वर्तमानपत्रासारखी काखेत धरली.

चौकातला वाहतूक पोलीस धावत आला. ब्रेकमधून धूर येत होता.

"वेग किती होता?"

"बघितला नाही."

"का नाही बघितला?"

"समोर बघत होतो."

पोलिसाने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काखेत काय आहे?"

"पायपुसणं."

पोलिसाने टोपी मागे सारली. रविवारच्या सकाळी माणसं कशी भेटतात हे त्याला माहीत असावं. त्याने पुढे काही विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला सगळं कळलं होतं, आणि ते कळवण्याचं काम अनुभवींनी केलं होतं. 'दाबा' कोण म्हणालं, ते तेवढं कळवायचं राहून गेलं. "माझ्या अनुभवानुसार या वयात असं होतं. ब्रेक समजून दुसराच दाबतात. पाय चुकतो. मी नसतो तर?" गाडीला साधा ओरखडाही नव्हता, हाच काकांविरुद्धचा मोठा पुरावा ठरला. अपघात झाला असता, तर निदान कोणीतरी विश्वास ठेवला असता.

सोमवारी वर्कशॉपमध्ये गाडीला संगणक जोडला. तिथला माणूस फार सभ्य होता. "गाडीत दोष नाही," तो म्हणाला. "पेडल ठीक, वायरिंग ठीक. म्हणजे दोष..." आणि तो काकांकडे बघून थांबला. न छापलेलं वाचायची काकांना सवय होती.

मुलगा त्याच संध्याकाळी आला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. "बाबा, पाय चुकला का?" त्याने इतक्या हळू विचारलं, की काका खोटं बोलूच शकले नाहीत आणि खरंही नाही. ते म्हणाले, "असेल."

मुलाने हात पुढे केला. काकांनी राखाडी गाडीची किल्लीही त्यात ठेवली.

खरं तर एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य लगेच धाकट्यापर्यंत गेलं असतं. झबलं शिवू नकोस म्हटलं होतं, शिवलंस ना? आयुष्यभराची थट्टा आणि आता वर ही. 'तुझ्या झाकपाकीने माणूस मेला असता,' एवढं बोलायला कोणी मागेपुढे पाहिलं नसतं. काकांनी कितीतरी हजार पानं तपासली होती आणि दिसलेली चूक कधी सोडली नव्हती. ही पहिलीच, जी त्यांनी पाहूनही तशीच जाऊ दिली. तीही स्वतःच्या नावावर. पण मग गुरुवारचं काय? सत्य सांगावं तर काकूंना लागतं, आणि न सांगावं तर काकूंचीच अक्का तुटते. यावर ते दोन दिवस विचार करत राहिले, मग आणखी दोन.

पायपुसणं त्यांनी धुऊन सिंकपुढे ठेवलं होतं.

"हे इथं कसं?" काकूंनी विचारलं.

"गाडी वर्कशॉपला गेली ना. म्हटलं, तिथे हरवेल."

"हं," काकू म्हणाल्या.

गुरुवारी नेहमीच्या वेळेला काकू तयार होऊन, पर्स घेऊन सोफ्यावर येऊन बसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. त्या उठल्या आणि पर्स ठेवून आल्या. दुपारी संस्थेतून तिथल्या सेविकेचा फोन आला, तुम्ही आज आला नाहीत म्हणून. "सकाळपासून दारात येईल त्याला विचारताहेत, गाडी कुठं लावलीत. पेपरवाल्यालाही विचारलं." काकूंनी फोन ठेवला आणि त्या सिंकपाशी गेल्या. नळ सोडला नाही. नुसत्याच त्या कापलेल्या निळ्या तुकड्यावर उभ्या राहिल्या. काका दारातून ते बघत होते. काहीतरी बोलायला हवं होतं. ते हसले, पण काकूंची पाठ होती.

शनिवारी धाकटा आला. गाडी बघून आला होता, काकांच्या मुलालाही घेऊन आला होता, आणि आवाज ऐकून अनुभवी आपणहून आले होते. काकूंनी चादर काढली. सगळे खोळीवर बसले. अनुभवींनी पहिल्यापासून सांगायला घेतलं. आता त्या कथेत हँडब्रेक त्यांनीच ओढला होता.

"भाऊजी, तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका," धाकटा म्हणाला. "वय आहे. चूक माझी. तुमच्या हातात ती द्यायलाच नको होती."

"नाही, नाही," काका म्हणाले, "तुझी कशी?"

"राखाडीसुद्धा आता विकूनच टाकू," मुलगा म्हणाला. "आईला मी नेत जाईन मावशीकडे."

"कधी?" आतून काकूंचा आवाज आला.

"बघू ना, जमेल तसं."

काकू बाहेर आल्या. हातात ते निळं पायपुसणं होतं. त्यांनी ते काचेच्या टेबलावर, प्लॅस्टिकवर, खाली कागद न घालता ठेवलं. ओलं होतं. पाण्याचा एक ओघळ रुमालाच्या दिशेने निघाला आणि काकूंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या घरात असं काही होताना त्यांच्या मुलाने पहिल्यांदाच पाहिलं. तो उभाच राहिला.

"हे काय, ताई?"

"तुझ्या गाडीचं झबलं," काकू म्हणाल्या. "यांच्या पायाखाली मी घातलं होतं. ते पुढे सरकलं आणि त्या पेडलवर चढलं. पाय चुकला नाही कोणाचा."

धाकट्याने कापलेली गोलाई उचलून पाहिली. त्याचं तोंड उघडलं.

"हस," काकू म्हणाल्या. "आधी पोटभर हसून घे. मग बोलू."

धाकट्याला हसू येईना. त्याने पायपुसणं परत ठेवलं, अगदी होतं तिथे.

"तुला कसं कळलं पण?" काकांनी विचारलं.

"धुऊन ठेवलंत ना. आजवर एकदा तरी धुतलं होतंत?" मग त्या मुलाकडे वळल्या. त्यांचा आवाज जरा हलला. "आठवडाभर हे माझ्यासाठी म्हातारे होऊन बसलेत. आणि मी याच्या हसण्याला भिऊन गप्प राहिले. पुरे झालं आता. किल्ली दे."

मुलाने खिशात हात घातला आणि राखाडी गाडीची किल्ली पायपुसण्यावर ठेवली. कुठे ठेवावी हे त्याला दुसरं सुचलं नसावं.

पाण्याचा ओघळ एव्हाना रुमालापर्यंत पोचला होता.

"मी तेव्हाच म्हणणार होतो," अनुभवी म्हणाले, "माझ्या अनुभवानुसार हे मॅटचंच काम असणार."

"तुम्ही डोळे मिटले होते," काका म्हणाले. आवाज त्यांचाच होता, तरी सवयीने त्यांनी मागे वळून पाहिलं.

पुढच्या गुरुवारी काकू त्यांच्याआधी खाली गेल्या. काका पोचले तेव्हा राखाडी गाडीचं दार उघडं होतं आणि ड्रायव्हरच्या बाजूचं सगळं बाहेर निघालं होतं. तागाचं पोतं, त्याखालचं प्लॅस्टिक, त्याखालची रबरी मॅट आणि तिच्याखाली एक खूप जुनं वर्तमानपत्र. तळाला गाडीची स्वतःची जमीन होती. इतक्या वर्षांत ती दोघांनीही पाहिली नव्हती. बरी होती.

"बसा," काकू म्हणाल्या. "पाय फिरवून बघा. कुठं काही लागतंय?"

"नाही."

"पुन्हा बघा."

मग त्या पलीकडे जाऊन बसल्या, पिशवीतून निळं पायपुसणं काढलं आणि आपल्या पायांखाली नीट अंथरलं.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं.

"माझ्या बाजूला कुठं पेडल आहे?" काकू म्हणाल्या.

गाडी निघाली. रोपवाटिकेवरून, चौकातून, शहराबाहेरच्या रुंद रस्त्याला लागली. पुढे एक सायकलवाला दुधाच्या किटल्या लावून चालला होता. काका शांतपणे त्याच्या मागे चालले होते.

"अहो."

"काय?"

"तो गाद्यांचा ट्रक. त्याला मागे टाकलंत तेव्हा कसं वाटलं?"

काकांनी आरशात पाहिलं. दोन दिवस विचार करावा असा प्रश्न होता. पण दोन दिवस नव्हते, आणि तशी गरजही वाटली नाही.

"आवडलं," ते म्हणाले.

काकूंनी पदर सावरला, पर्स मांडीवर घेतली आणि समोर बघत म्हणाल्या, "मग त्या सायकलवाल्याला तरी टाका मागे. अक्का वाट बघत असेल."

काकांनी इंडिकेटर दिला.